चौदा दिवसांचं माहेर

बाळंतिणीसाठी आलेल्या ताटात भात असतो, दोन-तीन छोट्या वाट्यांत भाज्या असतात आणि एका मोठ्या वाडग्यात काळपट हिरव्या, बुळबुळीत पानांचं गरम सार असतं. संध्याकाळच्या ताटात पुन्हा तेच सार. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उचललं की पुन्हा तेच. कोरियाच्या रुग्णालयात पहिलटकरणीला हे 'मियोककुक' इतक्या वेळा वाढलं जातं, की तिसऱ्या दिवसापर्यंत तिला त्याच्या वासावरूनच वेळ कळायला लागते. मियोक म्हणजे समुद्रशैवाल. त्यात आयोडीन आणि कॅल्शियम भरपूर असतं, बाईचं रक्त भरून निघतं आणि दूध उतरतं, अशी तिथल्या आयाबायांची पिढ्यानपिढ्यांची खात्री आहे. आपल्याकडे बाळंतिणीला अळिवाची खीर देताना जे सांगतात, ते जवळपास शब्दशः हेच.

बाळंतिणीसाठीचा मियोक वेगळा विकत घेतात. लांबच्या लांब, न मोडलेली पानं असलेला. दुकानदारानं तो घडी घालून द्यायचा नसतो आणि घेणाऱ्यानं भावात घासाघीस करायची नसते. पान मोडलं तर बाळंतपण अवघड जातं, असा समज. हेच सार कोरियन माणूस पुढे आयुष्यभर वाढदिवसाच्या सकाळी पितो, त्या दिवशी आईनं सोसलेल्या कळांची आठवण म्हणून. परीक्षेच्या दिवशी मात्र पीत नाही, कारण पान बुळबुळीत, त्यावरून घसरायला होतं. 'मियोककुक खाल्लं' म्हणजे परीक्षेत आपटला, असा त्या भाषेत सरळ वाक्प्रचारच आहे.

मुंबई-पुण्याहून, नागपूर-नाशिकहून कोरियात गेलेली मराठी माणसं बहुतेक करून काही ठरावीक गावांत सापडतात. सुवॉनमध्ये, कारण तिथे सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सचं मुख्यालय आहे. देजॉनमध्ये, कारण तिथे काइस्ट ही विज्ञान-तंत्रज्ञानाची संस्था आणि तिच्याभोवती प्रयोगशाळांचं अख्खं उपनगर आहे. शिवाय उल्सान, पोहांग आणि अर्थातच सोल. वय तिशीच्या आसपास, नवं लग्न किंवा नवी पीएच.डी., आणि मग एका सकाळी चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा. तोवर कोरियन भाषेची गरज भाजीवाला आणि टॅक्सीवाला यांच्यापुरती असते. त्या सकाळनंतर ती एकदम वाढते.

ज्या देशात ही बातमी येते, त्या देशात बाळ ही दुर्मिळ गोष्ट झालेली आहे. १९७१ साली दक्षिण कोरियात दहा लाखांहून जास्त बाळं जन्मली होती. २०२३ साली जन्मली सुमारे दोन लाख तीस हजार. त्या वर्षी एका बाईमागे सरासरी ०.७२ मूल, म्हणजे जगातल्या देशांत सगळ्यात कमी. २०२४ साली हा आकडा ०.७५ झाला, तर नऊ वर्षांत पहिल्यांदा वाढ झाली म्हणून त्याची ठळक बातमी झाली. पहिलटकरणीचं सरासरी वय आता तेहतीस आहे. सोलच्या चुंगमुरो भागातलं १९६३ पासूनचं चेइल रुग्णालय, जिथे राजधानीतल्या कितीतरी पिढ्या जन्मल्या, ते २०१८ च्या अखेरीस बंद पडलं. ग्रामीण भागातल्या काही तालुक्यांत तर आज बाळंतपण करणारं एकही रुग्णालय उरलेलं नाही. बूयोंग या बांधकाम कंपनीनं २०२४ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना प्रत्येक बाळामागे दहा कोटी वॉन, म्हणजे साठ लाख रुपयांहून जास्त रक्कम द्यायला सुरुवात केली, यावरून काळजी कुठवर पोचली आहे ते कळावं.

त्यामुळे गरोदर बाई दिसली की सरकार तिच्या दिमतीला धावतं. यात परदेशी बाईही येते, निदान पोटात बाळ असेपर्यंत. सहा महिन्यांहून जास्त राहणाऱ्या परदेशी माणसाला जुलै २०१९ पासून राष्ट्रीय आरोग्य विमा सक्तीचा आहे. तेव्हा दर महिन्याला कापल्या जाणाऱ्या हप्त्यावर बरीच कुरकुर झाली. पण गर्भारपणात हाच हप्ता कामी येतो. डॉक्टरांनी गर्भाची नोंद केली की विम्याकडून एका कार्डावर दहा लाख वॉन, म्हणजे साठ-पासष्ट हजार रुपये, तपासण्या आणि औषधांसाठी जमा होतात. नैसर्गिक बाळंतपणाच्या वेळी विम्याखालच्या उपचारांना स्वतःचा वाटा भरावा लागत नाही, आणि २०२५ पासून सिझेरियनलाही तीच सवलत लागू झाली. हे महत्त्वाचं, कारण कोरियात निम्म्याहून जास्त बाळंतपणं आता सिझेरियननं होतात. नोकरी करणारीला पगार न कापता दिवसाचे दोन तास कमी काम करता येतं, पहिल्या बारा आठवड्यांत आणि पुन्हा शेवटच्या टप्प्यात. नव्वद दिवसांची बाळंतपणाची रजा वेगळी, आणि त्यातले पंचेचाळीस दिवस तरी बाळंतपणानंतर आले पाहिजेत, असा दंडक.

वस्तीतल्या सरकारी आरोग्य केंद्राला 'बोगॉन्सो' म्हणतात. तिथून सुरुवातीला फोलिक ॲसिड, मग सोळाव्या आठवड्यापासून लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात, आणि मिळतो गुलाबी रंगाचा गोल बिल्ला. हा बिल्ला पर्सला लटकवायचा. पोट दिसत नसतं, पण उलट्यांनी जीव नकोसा झालेला असतो, त्या पहिल्या महिन्यांसाठी तो खरा उपयोगी. सोलच्या मेट्रोत प्रत्येक डब्यात गरोदर बायकांसाठी राखीव गुलाबी खुर्च्या आहेत. त्यांवर कोण बसलं, कोण उठलं नाही, यावरून मेट्रोकडे तक्रारींचा सततचा पाऊस असतो. बुसाननं यावर यंत्राचा तोडगा काढला. बाईच्या पर्समधल्या छोट्या उपकरणाचा संदेश मिळाला की खुर्चीजवळचा गुलाबी दिवा लुकलुकायला लागतो, म्हणजे 'उठा' असं कुणालाच तोंडानं म्हणावं लागत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये 'ताई, जरा बसू दे तिला' असं चार जणी एकदम ओरडतात, ते काम इथे दिवा करतो.

सोनोग्राफीच्या खोलीत मराठी जोडप्याची गंमत होते. आपल्याकडे प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर पाटी असते, 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही'. ती पाटी वाचत मोठी झालेली बाई तपासणी-टेबलावर पडल्यावर तो प्रश्न मनातसुद्धा आणत नाही. आणि कोरियन डॉक्टर सहज सांगून मोकळे होतात. या सहजतेमागे चाळीसेक वर्षांचा इतिहास आहे. कोरियानं गर्भाचं लिंग सांगण्यावर बंदी घातली १९८७ मध्ये, आणि गर्भलिंगनिदानावर निर्बंध आणणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं केला १९८८ मध्ये. अवघ्या एका वर्षाचं अंतर, कारण दुखणं एकच होतं. कोरियात १९९० साली दर १०० मुलींमागे ११६ हून जास्त मुलगे जन्मत होते. मग मुली शिकल्या, कमावत्या झाल्या, घराण्याच्या वारशाचे कायदे बदलले आणि हे प्रमाण नैसर्गिक पातळीवर आलं. २००९ मध्ये बत्तीस आठवड्यांनंतर सांगायला मुभा मिळाली, आणि २८ फेब्रुवारी २०२४ ला तिथल्या घटनात्मक न्यायालयानं ही उरलेली अटही काढून टाकली. मधल्या काळातही डॉक्टर 'गुलाबी कपडे घेऊन ठेवा' असं सुचवायचेच. मराठी जोडप्याला हे कळतं तेव्हा आनंदाबरोबर थोडं चोरी केल्यासारखं वाटतं, आणि फोनवर घरी सांगावं की नाही, यावर नवराबायकोत एक छोटी बैठक होते.

बाकी पुष्कळ गोष्टी ओळखीच्या निघतात. आपल्याकडे गर्भसंस्कार, तिकडे 'थेग्यो'. पोटातल्या बाळाला काय ऐकवावं, आईनं काय पाहावं, काय खाऊ नये, यावर साजुदांग यी या विदुषीनं १८०० साली ग्रंथच लिहून ठेवला आहे. बाळ राहण्याची चाहूल देणारं स्वप्न, 'थेमोंग', आईलाच पडेल असं नाही. ते आजीला, मावशीला, शेजारणीलाही पडू शकतं. पोटातल्या बाळाला एक लाडकं नावही देतात, आणि डॉक्टर, परिचारिका सगळे त्याच नावानं विचारपूस करतात. आपल्याकडे जन्माआधी नाव घ्यायचं नाही, बारशापर्यंत थांबायचं. त्यामुळे रुग्णालयाच्या अर्जावरच्या त्या नावाच्या रकान्यात काय लिहावं, असा पेच पडतो आणि मग 'लाडू', 'मोदक' अशी नावं कोरियन लिपीत उमटू शकतात. आपण नऊ महिने नऊ दिवस म्हणतो. कोरियन बाई दहा महिने म्हणते, कारण तिच्या हिशेबात महिना चार आठवड्यांचा.

अडतं ते दुखण्यापाशी. मराठीत पोटात कळ येते, मुरडा येतो, चमक निघते, ठणका लागतो. जखम ठसठसते, टाके चुरचुरतात. कोरियन भाषाही या बाबतीत तितकीच श्रीमंत आहे. टोचल्यासारखं दुखलं की 'कोक-कोक', ठणकलं की 'उकशिन-उकशिन', आणि झिणझिण्यांसारखी कळ गेली की 'जिरित-जिरित'. म्हणजे दोन्ही बाजूंना शब्द आहेत, आणि तेही जोडीनं येणारे, नादाचे. पण मध्ये इंग्रजी बसलेली असते. मराठी बाई आपल्या ठसठशीचं इंग्रजीत एक सपाट 'दुखतंय' करते, फोनमधलं ॲप त्याचं कोरियनमध्ये 'आफायो' करतं, आणि परिचारिका मान डोलावते. कळ कुठली, किती, कशी, हे वाटेतच सांडलेलं असतं. प्रसूतीच्या खोलीत मात्र एक वाक्य प्रत्येकीला समजावंच लागतं, 'हिम जुसेयो'. शब्दशः 'ताकद द्या', म्हणजे आपलं 'जोर कर'. आधी बाळंत झालेल्या मैत्रिणी नव्या बाईला सगळ्यात आधी हेच दोन शब्द पाठ करायला लावतात.

आता मूळ प्रश्न. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्या महिन्यात डोहाळजेवण, ओटी भरणं आणि मग माहेरची वाट. कोरियातून ही वाट धरायची तर विमानकंपन्यांचे नियम आड येतात. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर बहुतेक कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात, छत्तिसाव्यानंतर सहसा कुणी नेत नाही. शिवाय नवऱ्याला रजा नाही, तिची स्वतःची नोकरी किंवा प्रयोग अर्ध्यावर. मग माहेरच विमानानं आणायचं ठरतं. आईला भेटीचा व्हिसा मिळतो तो जास्तीत जास्त नव्वद दिवसांचा. कोरियन माणसाशी लग्न करून आलेल्या परदेशी सुनेच्या आईवडिलांना नातवंड सांभाळायला जास्त काळ राहू देणारा व्हिसा आहे. नोकरीवर आलेल्या अभियंत्याच्या सासूला सहसा तो नाही. म्हणून विमानाच्या तिकिटाची तारीख हे कौशल्याचं काम होतं. फार लवकर बोलावलं तर निम्मे दिवस वाट पाहण्यात जातात, उशिरा बोलावलं तर बाळ आधी आणि आजी नंतर. बॅगेत डिंक, खारीक, बाळंतशोपा, ओवा, सुंठ. अळीव म्हणजे बी, आणि बियाणं असलं की विमानतळावर वनस्पती-तपासणीसमोर जाहीर करावं लागतं. तिथे उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला अळीव म्हणजे काय हे समजावणं, ही आजीची कोरियातली पहिली परीक्षा.

आणि ज्यांची आई येऊ शकत नाही, त्यांच्यासाठी कोरियानं माहेर बाजारात उपलब्ध करून ठेवलं आहे. त्याचं नाव 'सानहुजोरिवॉन'. रुग्णालयातून सुटी मिळाली की बाळंतीण घरी न जाता इथे येते, बहुधा तेरा रात्री चौदा दिवसांसाठी. बाळाला सांभाळायला परिचारिका, आईला तीन वेळा मियोककुक आणि मधल्या वेळचं खाणं, अंग चोळून देणारी बाई, दूध उतरायला मदत करणारी बाई, कंबरेच्या शेकाची सोय. अशी केंद्रं १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात निघाली, जेव्हा सासू आणि आई दोघीही नोकरीला लागल्या आणि घरं उंच इमारतींतल्या दोन खोल्यांची झाली. २०२१ च्या सरकारी पाहणीत दहापैकी आठ बाळंतिणी इथे राहून गेल्याचं दिसलं. २०२० मध्ये याच नावाची एक दूरदर्शन मालिकाही आली. तिथल्या बायकांतली दूध किती उतरलं, बाळगाडी कुठली घेतली, यावरून चालणारी चढाओढ तिनं छान टिपली होती. दर मात्र चांगलाच. दोन आठवड्यांचे साधारण तीस लाख वॉनच्या वर, म्हणजे दोन लाख रुपयांच्या आसपास. सोलच्या गंगनम भागात एक कोटी वॉनच्या पुढे गेलेली केंद्रंही आहेत. हा खर्च आरोग्य विम्यात बसत नाही.

इथली सगळी रचना एका भीतीभोवती आहे, 'सानहुपुंग'. शब्दाची फोड केली तर 'बाळंतपणानंतरचा वारा'. अंग मोकळं झालेलं असतं, सांधे उघडे असतात, त्यात गार वारा शिरला की म्हातारपणी गुडघे, मनगटं दुखतात. हे ऐकल्यावर कुठलीही मराठी आजी दचकेल, कारण 'बाळंतिणीला वारं लागू देऊ नका' हे वाक्य तिनं कानाला फडकं बांधताना हजारदा ऐकलेलं असतं. वाऱ्याला दोन्हीकडे वाराच म्हणतात. त्यावरचा उपाय मात्र घरांच्या बांधणीप्रमाणे वेगळा. आपल्याकडे बाज, बाजेखाली शेगडी, शेगडीत ओव्याची धुरी. कोरियात शेगडीची गरजच नाही, कारण घराची जमीनच तापते. 'ओंडोल' या पद्धतीत पूर्वी चुलीचा धूर जमिनीखालून फिरवत, आता गरम पाण्याच्या नळ्या फिरवतात. म्हणजे अख्खी खोलीच शेगडीवर ठेवलेली. जो देश एरवी कडाक्याच्या थंडीत बर्फ घातलेली कॉफी पितो, तो बाळंतिणीला पायमोजे घालायला लावतो आणि कोमट पाण्याखेरीज काही देत नाही.

एका मुद्द्यावर मात्र दोन आज्यांचं जमणार नाही. मराठी बाळंतिणीला तेल चोळून कडकडीत पाण्यानं न्हाऊ घालतात, तो दिवसाचा सोहळा असतो. जुन्या कोरियन रिवाजात कित्येक दिवस डोक्यावरून पाणी घ्यायला बंदी होती. आजचे डॉक्टर ती पाळायला सांगत नाहीत, पण केंद्रातल्या वडीलधाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर ती अजून दिसते.

मराठी घरातून सानहुजोरिवॉनची निवड होते ती कमीच, आणि त्याला पैसा हे एकच कारण नाही. बाळ काचेपलीकडच्या खोलीत, आई आपल्या खोलीत, फक्त पाजायच्या वेळी किंवा ठरलेल्या तासांना बाळ कुशीत, ही मांडणी पचत नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे जंतुसंसर्गाच्या भीतीनं बहुतेक केंद्रांत नवऱ्याखेरीज कुणालाच आत सोडत नाहीत. म्हणजे पाच-साडेपाच हजार किलोमीटरवरून डिंकाचे लाडू घेऊन आलेल्या आजीनं रस्त्यावर उभं राहून खिडकीकडे बघायचं. शाकाहारी असेल तर आणखी एक प्रश्न. मियोककुक सहसा गोमांसाच्या किंवा शिंपल्यांच्या पाण्यात शिजतं. कोरियन भाषेत 'मांस नको' म्हटलं तर तुकडे काढून सार तेच येऊ शकतं. जाणकार बायका त्याऐवजी 'देउलक्के' मागायला सांगतात. ती तिळासारखी एक बी, तिची पूड लावून दाट पांढरट मियोककुक करतात. पण ते कशाच्या पाण्यात शिजवलं, हे तेव्हाही विचारावंच लागतं. तसं मिळालं, तर कारळाच्या चटणीची आठवण देणारा वास येतो आणि आजीसुद्धा दोन घोट घेते.

जुन्या कोरियात बाळ जन्मलं की दारावर डाव्या पिळाची गवताची दोरी बांधत. मुलगा असेल तर तिच्यात लाल मिरच्या आणि कोळसा, मुलगी असेल तर कोळसा आणि पाइनच्या डहाळ्या. एकवीस दिवस परक्यानं आत यायचं नाही. घरात सामशिन हालमोनी या जन्मदात्या आजीदेवीपुढे भात, मियोककुक आणि पाण्याचं भांडं ठेवत. बाळाच्या ढुंगणावरचा निळसर डाग म्हणजे 'जा आता बाहेर' म्हणून तिनं मारलेली चापटी. आपली सटवाई पाचव्या-सहाव्या रात्री येऊन कपाळी लिहून जाते. ही आजी आधीच येते आणि हातानं काम करते. सुवॉनच्या एकविसाव्या मजल्यावर पाटा-वरवंटा नसतो. मिक्सरचं भांडं मांडून, कोरा कागद आणि पेन ठेवून सहावी पुजायची, तर सटवाईनं तरी का हरकत घ्यावी?

तिनं काहीही लिहिलं तरी कोरियन सरकार मात्र काहीच लिहून घेत नाही. कोरियाचं नागरिकत्व रक्तानं येतं, मातीनं नाही. १९९८ पर्यंत तर ते फक्त बापाकडून यायचं, आई कोरियन असून चालत नसे. दोन्ही पालक भारतीय असतील तर बाळाची नोंद तिथल्या कुटुंब-नोंदवहीत होतच नाही. जुलै २०२४ पासून रुग्णालयांनी प्रत्येक जन्म सरकारला कळवण्याची पद्धत सुरू झाली, पण तीही कोरियन बाळांपुरती. पोटात असताना ज्याच्यासाठी कार्डावर पैसे आले, त्याच बाळाला जन्मल्यावर मिळणारी वीस लाख वॉनची पहिल्या भेटीची रक्कम नाही, पहिल्या वर्षभर दर महिन्याला पालकांना मिळणारे दहा लाख वॉन नाहीत, बालभत्ता नाही. आईबाप कर आणि हप्ता शेजाऱ्याइतकाच भरतात. लोकसंख्येची इतकी चिंता असलेल्या देशानं हा हिशेब असा का मांडला, हे कोडं आहे. काही नगरपालिका आता परदेशी मुलांच्या पाळणाघराच्या खर्चात थोडा हातभार लावू लागल्या आहेत.

हातात असतो तो रुग्णालयाचा जन्माचा दाखला. तो घेऊन सोलच्या हान्नाम भागातल्या भारतीय दूतावासात जायचं, वर्षाच्या आत जन्माची नोंद करायची, पासपोर्ट काढायचा. त्यासाठी फोटो हवा, डोळे उघडे, समोर पाहणारा, मागे पांढरं. पांढऱ्या चादरीवर झोपलेल्या तीन आठवड्यांच्या बाळाचे डोळे उघडे असलेला क्षण पकडायला बापाची अख्खी दुपार जाते. मग स्थलांतर कार्यालय. कोरियात जन्मलेल्या परदेशी बाळाला जन्मापासून नव्वद दिवसांच्या आत राहण्याचा परवाना मिळवावा लागतो, नाहीतर ते बेकायदा राहणारं ठरतं.

म्हणजे घरात एकाच वेळी दोन नव्वद मोजले जात असतात, एक आजीचा आणि एक बाळाचा. आजीचा आधी सुरू झालेला, म्हणून आधी संपतो. ती जाते तेव्हा फडताळात डिंकाचे लाडू डबाभर आणि शीतकपाटात गाळून ठेवलेलं तूप असतं. त्यानंतर काही दिवसांनी बाळाचा शंभरावा दिवस येतो. कोरियात पूर्वी एवढी बाळं जगत नसत, म्हणून शंभरी गाठली की पांढऱ्या तांदळाचा वाफवलेला केक करून शंभर घरी वाटायचा रिवाज होता. समोरच्या दारातली कोरियन काकू लक्षात ठेवून एक डबा घेऊन येते. बाळंतीण दार उघडते, डबा घेते, आणि रिकामा परत करायचा नसतो म्हणून त्यात चार लाडू घालते. काकू एक उचलून तिथेच चावते, डिंकाचा खडा दाताखाली कुरकुरतो, आणि ती हातवारे करून विचारते, हे कशासाठी असतं?

बाळंतीण क्षणभर शब्द शोधते, मग तळवा कानावर आडवा धरून म्हणते, 'पुंग'. वारा.

काकू लगेच मान डोलावते आणि दुसरा लाडू घेते.